स्वतःविरुद्धचा अर्ज तपासून देणारे सर

आमच्या सरांच्या तासाला मान हलवायला बंदी होती. बोलू नका म्हणणारे मास्तर मी शाळेत ढीगभर पाहिले, पण मान हलवू नका म्हणणारा हा एकच माणूस. शिकवता शिकवता ते मध्येच थांबायचे, कोणाकडं तरी खडू रोखायचे अन् म्हणायचे, "तू आता होय म्हणून मान हालवली. समजलं म्हणूनच हालवली ना? ये मंग इकडं, अन् सांग सगळ्याहीले." त्या पोराची काय गत होत असेल सांगा. झोप उडावी म्हणून बिचाऱ्यानं मान हलवली असायची. आठवड्याभरात अख्खा वर्ग मान ताठ करून बसायला शिकला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, काय शिस्तीची पोरं आहेत.

रिसोडच्या कॉलेजात बीएस्सीला ते आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी, अन् सरांच्या तोंडी मात्र वऱ्हाडी, तीही एकदम बाजारातली. मी रिठदहून जीपनं यायची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, अकरावी-बारावी गाईड पाठ करून काढलेली. कॉलेजच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या एका मॅडमचा तास झाला, सगळा इंग्रजीतून. तासभर लिहून माझ्या वहीत उतरलं काय, तर 'देअरफोर' अन् 'दॅट इज'. मधलं सगळं डोक्यावरून गेलं. मी ठरवलं, बस झालं, उद्यापासून घरीच बसायचं.

त्याच्या पुढचा तास सरांचा होता. ते व्हरांड्यातूनच बोलत यायचे, वर्गात पाय ठेवेपर्यंत अर्धं वाक्य संपलेलं असायचं. सदरा बाहेर, खिशात खडूचे तुकडे, ते एसटीच्या तिकिटात गुंडाळलेले. त्या दिवशी ते आत येत म्हणाले, "... अन् स्टँडवर मेहकरची गाडी उभी हाय. गच्च भरली. दहा उतरून राह्यले, दहा चढून राह्यले. दूर उभं राहून पाह्यणाऱ्याले वाटते, गाडीत काहीच होऊन नाही राह्यलं, जितके व्हते तितकेच हायेत. पण आत जाऊन पाहा म्हणा. पाय तुडवून राह्यले एकमेकाचे." मग त्यांनी फळ्यावर इंग्रजीत 'इक्विलिब्रियम', म्हणजे समतोल, असं लिहिलं अन् त्याखाली एकावर एक उलटे-सुलटे दोन बाण काढले. मला ते बाण पाहताक्षणी समजले. मी घरी बसायचा बेत पुढं ढकलला.

बफर म्हणजे घरातली मोठी सून, सासू बोलली तरी चेहरा तोच, नणंद बोलली तरी तोच. कॅटॅलिस्ट म्हणजे सोयरीक जमवणारा मामा. त्याच्यामुळं दोन्ही घरचं काम झपाट्यानं होतं, पण तो स्वतः कोणाशी लग्न लावत नाही. आला तसा जिलेबी खाऊन घरी जातो. असं सगळं. कोणी घोकलेली इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली तर सर शेवटपर्यंत शांतपणे ऐकायचे अन् विचारायचे, "हे कोनाचं बोलणं हाय? ज्याचं असन त्याले वापस देऊन ये." त्यांचं म्हणणं एकच, जे चुलीपाशी सांगता आलं ते समजलं, बाकीचं नुसतं ऐकलं.

अन् हे नुसतं म्हणणं नव्हतं. त्यांनी त्याचा गृहपाठच करून टाकला होता. त्याला 'घरचा सवाल' म्हणायचे. आठवड्यात जे शिकवलं ते घरी कोणालाही समजावून सांगायचं, अन् त्या माणसानं जो प्रश्न विचारला तो सोमवारी त्याच्याच शब्दांत वर्गात विचारायचा. प्रश्न आणला नाही तर तुम्ही घरी सांगितलंच नाही, हा त्यांचा हिशेब. सरांजवळ एक निळी डायरी होती. त्यात हे प्रश्न गावाच्या नावासकट लिहून ठेवायचे.

माझी माय लोकांच्या शेतात निंदणाला जाणारी बाई. तिला मी भाकरी थापता थापता कॅटॅलिस्ट सांगितला. तिनं तवा पालथा घातला अन् म्हणाली, "हौ, पण दहा सोयरिकीत जिलेब्या हाणल्यावर त्या मामाचं पोट बिघडत नाही काय वं?" मी सोमवारी लाजत लाजत हा प्रश्न वर्गात सांगितला. पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी डायरी काढली, 'रिठद' असं लिहिलं अन् म्हणाले, "हसता कायले? कारखान्यात कॅटॅलिस्ट खराब होते. त्याच्यावर घाण बसते, कामातून जाते, मंग बदलावा लागते. तुमच्या पुस्तकात हे पुढच्या पानावर हाय अन् तुमी कोनी तिथवर गेले नाही. हिची माय गेली." त्या दिवशी मी घरी जाऊन मायला सांगितलं की तू पुस्तकाच्या पुढच्या पानावर आहेस. तिला त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण पुढं दोन दिवस ती शेजारणींना सांगत फिरत होती.

आता इतकं सगळं गोड चाललं होतं तर मी त्याच माणसाची तक्रार का केली, हे सांगायला पाहिजे. खोटं कशाला बोलू, माझा स्वभाव तापट आहे. आजही आहे.

झालं असं की विद्यापीठाच्या पेपरात कॅटॅलिस्टवर प्रश्न आला. मला उत्तर इतकं पक्कं येत होतं की मी आनंदानं इंग्रजीत मामाच लिहून टाकला. मामा, दोन घरं, जिलेबी, सगळं. निकाल लागला तेव्हा पेपर कसाबसा निघाला होता. मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. तपासणाऱ्यानं मामाभोवती लाल गोल केला होता अन् बाजूला भलं मोठं प्रश्नचिन्ह. त्याची काय चूक म्हणा, त्याला काय माहीत आमचा मामा. पण मला पुढं एम.एस्सी. करायचं होतं. तिथं मुलाखत इंग्रजीत होणार होती, अन् मी तिथं काय मामा सांगणार होती का?

त्यातच प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. सर त्यांच्याशी अर्धा तास इंग्रजीत बोलले. आम्ही दारात उभं राहून ऐकत होतो. पाण्यासारखी इंग्रजी, कुठं अडकणं नाही, मध्ये दोघं हसत पण होते. आमच्या वर्गाचा पुढारी गजू माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्य. स्वतःजवळ दूध अन् आपल्याले ताक." माझं डोकं तिथंच फिरलं.

आम्ही अर्ज लिहिला. 'आम्हाला इंग्रजीतून शिकवण्यात यावे.' ऑफिसातल्या बाबूनं तो वाचला अन् चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. "इंग्रजीत शिकवा म्हणून अर्ज, अन् तो मराठीत? सायेब हसतीन. इंग्रजीत आना." झाली पंचाईत. आमच्या वर्गात एकालाही धड अर्धं पान इंग्रजी लिहिता येत नव्हतं, तक्रार तर तीच होती. इंग्रजीच्या सरांकडं जावं तर गोष्ट गावभर होईल. झेरॉक्सवाल्याकडं जावं तर त्याच्याजवळ एकच नमुना, आजारपणाच्या रजेचा. विचार करता करता आम्ही अशा माणसावर येऊन थांबलो जो इंग्रजी पक्की जाणतो, आम्हाला हसत नाही अन् कोणाला सांगत नाही.

असा माणूस कॉलेजात एकच होता. आमची अक्कल पाहा, आम्ही त्यांच्याचकडं गेलो.

सर प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होते. मी म्हटलं, "सर, एक अर्ज लिहून पाहिजे. इंग्रजीत."

"कायचा?"

गजू छताकडं पाहायला लागला. मी म्हटलं, "एका मास्तरबद्दल हाय."

"कोन्या?"

"असेच एक हायेत."

"काय करते तो? मारते?"

"नाही."

"तासाले येत नाही?"

"येतेत. घंटीच्या आधी येतेत."

"मंग?"

"चांगले हायेत सर, पण इंग्रजीत शिकवत नाहीत."

सरांनी नळ बंद केला. धुतलेली ब्युरेट स्टँडला लावली. मग स्टूल माझ्याकडं सरकवला. "बस. केमिस्ट्रीचाच असन तो."

"हौ."

"वाटलंच. त्याची तक्रार कधीची व्हायले पाहिजे व्हती."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. गजू तर दाराकडं सरकत होता. पण सरांनी त्याला बोलावून समोर बसवलं, कागद काढला अन् म्हणाले, "मी लिहून देणार नाही. तुमी लिवा, मी तपासतो. पहिले तोंडानं सांगा, आपल्या बोलीत. काय दुखते तुमचं?"

मग मी भडाभडा बोलली. मामा सांगितला, लाल गोल सांगितला, मुलाखतीची भीती सांगितली. अन् रागाच्या भरात हेही विचारलं, की तुमाले इतकी येते तर आमाले काहून देत नाही?

ते म्हणाले, "मी अमरावतीले शिकलो तवा दोन वर्षं नुसती मान हालवली. मास्तर इंग्रजीत बोले, मी मान हालवो. त्याले वाटे समजलं, मले वाटे लपलं. इंग्रजी आली मंग, पण केमिस्ट्री मले नोकरी लागल्यावर समजली, तुमच्यासारख्याले शिकवता शिकवता. म्हणून मी तुमाले पहिले केमिस्ट्री देल्ली. इंग्रजी द्याची राहून गेली, हे मात्र खरं. लिवा, पहिला मुद्दा."

तीन दिवस लागले त्या अर्जाला. रोज तास संपले की आम्ही तिथं बसायचो. मी एक वाक्य वऱ्हाडीत सांगायची, मग त्याचं इंग्रजी करायची, सर फक्त बोट ठेवायचे. "इथं राग हाय, कारण नाही. रागानं अर्ज चालत नाही." किंवा, "मुलाखतीचा मुद्दा सगळ्यात वजनदार हाय, त्याले खाली कायले दडपला? वर घे." एकदा तर मी सरांबद्दल जरा बरं वाक्य घातलं, ते मन लावून शिकवतात वगैरे. त्यांनी ते खोडायला लावलं. तक्रारीत कोणाची तारीफ करायची नसते म्हणाले.

शेवटी ते म्हणाले, "याले शेपूट पाहिजे. नुसतं शिकवा म्हटलं तर फायलीत पडून राहीन. लिव, 'नाही तर दुसऱ्या शिक्षकाची सोय करावी.'" आम्ही लिहिलं. पान भरलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं इंग्रजी पान, ज्यातला शब्द न् शब्द मला समजत होता. मी ते जीपमध्ये चार वेळा वाचलं.

दुसऱ्या दिवशी बाबूनं अर्जावर शिक्का मारला, आवक नंबर टाकला अन् मग निवांत वाचायला घेतला. शेवटच्या ओळीवर थांबला. "कोनाचं गऱ्हाणं हाय हे समजते का तुमाले? हा मानूस पक्का नाही. तासिका तत्त्वावर हाय. दर साली नवी ऑर्डर निघते, तवा कुठी त्याची नोकरी राह्यते. हा कागद फायलीले लागला की पुढच्या सालची निघत नाही."

मी म्हटलं, वापस द्या. तो म्हणाला, नंबर पडला, आता वापस होत नाही.

मी धावतच प्रयोगशाळेत गेली. "सर, तुमाले माहीत व्हतं?"

"माह्या नोकरीचं मले नाही तर कोनाले माहीत असन?"

"मंग ती शेवटची ओळ काहून लिवाले लावली?"

"तिच्याबिगर कोनी वाचला नसता," ते म्हणाले. "तपासाले आणला व्हता ना माह्याकडं? मंग बराबर तपासावा लागते. तपासणाऱ्यानं आपलं-परकं पाहू नये."

मला रडू आलं, पण ते दुःखाचं कमी अन् रागाचं जास्त होतं. असा कसा हा माणूस? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो अन् वरून धोंडा बरोबर पडला की नाही तेही तपासतो. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "डोळे पूस अन् घरी जा. गाडी चुकन."

आठ दिवसांनी प्राचार्यांनी मला अन् गजूला बोलावलं. गजूला नेमका त्याच दिवशी ताप आला. मी एकटी गेली. टेबलावर आमचा अर्ज होता, अन् त्याच्या शेजारी पुढच्या वर्षीच्या नेमणुकांचे कागद. सरांच्या नावाचा कागद बाजूला काढून ठेवलेला मला दिसला. त्याच्यावर सही नव्हती.

प्राचार्य अर्ज बोटानं ठोकत म्हणाले, "हे कोणी लिहून दिलं?"

"आम्ही लिहिलं सर."

"खोटं बोलू नकोस. ही इंग्रजी आपल्या पोरांची नाही. स्टाफमधलं कोणीतरी तुमच्या सरांच्या मागं लागलंय अन् तुम्हाला पुढं केलंय. नाव सांग."

काय सांगणार? नाव एकच होतं, अन् ते सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं मी थट्टा करते. मी पुन्हा म्हटलं, आम्हीच लिहिलं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं टाकला. "बस इथं. माझ्यासमोर लिही. इंग्रजीत. तुला काय पाहिजे ते."

मी पेन उघडला. कागद सरळ केला. मी आधी तोंडातल्या तोंडात आपल्या बोलीत बोलली. प्राचार्य म्हणाले, काय पुटपुटतेस? मी म्हटलं, पहिले ठरवते सर, मग लिहिते. दहा मिनिटं गेली असतील. चार वाक्यं लिहिली. अर्ज आम्ही लिहिला आहे. आमच्या सरांनी तो आमच्याकडून लिहून घेतला, कारण इंग्रजी शिकण्याचा आमचा हक्क आहे असं त्यांना वाटतं. आम्हाला इंग्रजी पाहिजे. पण दुसऱ्या कोणाकडून नको.

प्राचार्यांनी कागद वाचला. मग आमचा अर्ज वाचला, मग पुन्हा कागद. "म्हणजे स्वतःविरुद्धची तक्रार त्यांनी स्वतः..."

"तपासून दिली सर. तीन दिवस."

"ही शेवटची ओळसुद्धा?"

"ती तर त्यांचीच आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा माणूस वेडा आहे का?"

"हो सर," मी म्हटलं. बोलून गेली अन् जीभ चावली. पण प्राचार्य हसायला लागले. हसता हसताच त्यांनी बाजूचा कागद ओढला अन् सही केली. मग माझ्याकडं बोट रोखून म्हणाले, "पण अर्जातली मागणी मान्य आहे. सांग त्यांना, दर तासाला शेवटची पंधरा मिनिटं इंग्रजी. अन् बोलायचं पोरांनी."

सर प्रयोगशाळेत एकटेच होते, पिपेट उजेडात धरून पाहत होते. मी म्हटलं, "सर, ऑर्डर निघाली."

"बाबूनं सांगितलं. तुले कोऱ्या कागदावर लिवाले लावलं म्हणे. काय लिवलं?"

मी चारही वाक्यं इंग्रजीत म्हणून दाखवली. चौथं म्हणताना आवाज जरा बारीक झाला. सरांनी पिपेट खाली ठेवली.

"चौथं पुन्हा म्हण."

मी म्हटलं. दुसऱ्या कोणाकडून नको. इंग्रजीत.

सरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पाठ फिरवून नळाशी गेले अन् हात धूत राहिले. हात स्वच्छच होते. मला मी केलेल्या कामाची इतकी लाज वाटली, अन् त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली, की मी उगाच स्टूल जागेवर सरकवला. ते तिकडंच तोंड करून म्हणाले, "हे आपल्या बोलीत मले तोंडावर सांगितलं असतं काय वं तू?"

"नाही सर. लाज वाटली असती."

"मलेही ऐकवलं नसतं." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं अन् वळले. "म्हणजे इंग्रजी अगदीच बिनकामाची नाही म्हणाची. पंधरा मिनिटं कमी पडतीन बाप्पा. वीस घेऊ."